घरांतील विजेचा व जळणाचा हिशेब

बियाणें किती लागलें, खताच्या गोणीस काय पडलें, मजुरी किती झाली, हें विचारतांच सांगणारे शेतकरी आतां गांवोगांव भेटतात. परंतु गेल्या महिन्यांत घरीं विजेचे युनिट किती लागले व ते कशांत गेले, असें त्यांसच विचारिलें असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. बिल आलें म्हणजे कुरकुरत भरावयाचें व मुलांस दिवे मालवण्याविषयीं दटावावयाचें, एवढ्यावरच भागविलें जातें. हा उपाय दुखण्याच्या जागीं पडत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

एक हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतो. उपकरणावर वॉटचा आंकडा छापलेला असतो. त्यास रोजच्या तासांनीं गुणून हजारानें भागिलें कीं रोजचे युनिट निघतात. जुना ६० वॉटचा दिवा रोज ५ तास लावल्यास महिन्यास ९ युनिट होतात. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्या आंत काम भागवितो. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर २७ युनिट. नव्या बीएलडीसी मोटारीचा सुमारें ३० वॉटचा पंखा तेंच काम ११ युनिटांत करतो.

आतां स्नानाचें पाणी घ्या. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर आणण्यास अर्ध्या युनिटास किंचित् कमी वीज लागते. घरांत पांच माणसें असल्यास महिन्यास सुमारें ७० युनिट झाले! ज्या दिव्यावरून मुलांस बोलणीं बसतात, त्याचा खर्च याच्यापुढें कांहींच नाहीं. उजेडापेक्षां उष्णता महाग, हें सूत्र ध्यानांत ठेवावें.

महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो; पहिले १०० युनिट स्वस्त, पुढचे महाग. सबब जे युनिट आपण वांचवितों, ते महाग टप्प्यांतलेच असतात.

येणेंप्रमाणें उपाय करावे :

१. आठ दिवस रोज सकाळीं ठराविक वेळीं मीटरचा आंकडा वहींत टिपावा. एकदां घरांतील सर्व उपकरणें बंद करून मीटरवरील लहान लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असल्यास एखादें उपकरण चालू राहिलें आहे किंवा वायरिंगमध्यें गळती आहे, असें समजून जाणत्या वायरमनास दाखवावें. गळती पैशास तशीच जिवासही घातक असते.

२. पाणी तापविण्यास छपरावर सौर बंब बसवावा. तें न साधल्यास अंगणांतील तांब्याचा बंब पऱ्हाट्या, तुराट्या, शेंगांचीं टरफलें यांवर पेटवावा. धूर घरांत कोंडूं देऊं नये.

३. फ्रिज भिंतीस चिकटवून ठेवूं नये, त्यांत ऊन पदार्थ घालूं नयेत. नवें यंत्र घेतांना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पट्टीवरील तारे व वार्षिक युनिट दोन्ही वाचावे. किंमत एकदांच द्यावी लागते, बिल दरमहा येतें.

४. कडधान्यें रात्रीं भिजत घालावीं, भांड्यावर झांकण असावें, उकळी येतांच आंच कमी करावी. उकळी आल्यानंतर आंच वाढविल्यानें अन्न लवकर शिजत नाहीं, फक्त पाणी आटतें.

शेवटीं एक इशारा. वीज वांचविण्याच्या भरांत बंबांत गोवऱ्या घालण्याचा मोह होईल; तो टाळावा. शेण जाळल्यानें त्यांतील नत्र हवेंत जातें व सेंद्रिय द्रव्य नष्ट होतें. मग घरचें खत जाळून बाजारचें विकत घ्यावें लागतें. ज्यांच्या दावणीस चार-पांच जनावरें आहेत, त्यांनीं गोबर गॅसचें संयंत्र बांधावें. त्यांत चुलीस जळण मिळतें व उरलेली मळी खत म्हणून शेतास परत जाते. घरांत वांचलेला रुपया शेतांतून वजा होत नाहीं ना, एवढें पाहिलें म्हणजे हिशेब पुरा झाला. आमच्या वाचकांनीं या महिन्यापासूनच शेताच्या वहींत घरच्या विजेसाठीं एक पान राखावें, अशी आमची सूचना आहे.