नेतृत्व : रोजच्या वागण्यातले

नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि हारतुरे उभे राहतात. आपल्यापैकी बहुतेकांना असे व्यासपीठ आयुष्यात कधी मिळत नाही. पण कारकून असो, शिक्षिका असो, एस. टी.चा वाहक असो की परिचारिका असो, तो दिवसभर कोणाच्या तरी नजरेसमोर असतो. घरात मुले पाहतात, कचेरीत नव्याने लागलेला मुलगा पाहतो, वस्तीत शेजारी पाहतात. आपण दिसतो म्हणून आपण शिकवीत असतो, मग आपली तशी इच्छा असो वा नसो. हे शिकवणे कसे घडते, आणि ते चांगले घडावे म्हणून काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. आचरण आधी, नियम नंतर

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजविले. त्यानंतर बुद्धांनी भिक्खूसंघाला एकत्र बोलावले आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याविषयी सांगितले.

या प्रसंगातील क्रम विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. संघाचा शास्ता आज्ञा देऊन पुढे जाऊ शकला असता. तसे झाले असते तर आज्ञा पाळली गेली असती, पण ते काम हलके आहे ही समजूत मात्र तशीच राहिली असती. शास्त्याच्या हाताला पाणी लागले, आणि त्या कामाची पायरीच बदलली. नियम पुढे आला तेव्हा त्याच्या पाठीशी पाहिलेली कृती उभी होती.

२. गाडगेबाबांचा खराटा

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढची पन्नासएक वर्षे ते गावोगाव फिरले. गावात शिरले की हातात खराटा घेऊन रस्ता झाडू लागत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा परिपाठ होता. कीर्तनात ते कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, देवापुढे बकरे कापू नका, असे सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे राज्य शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले.

रात्री कीर्तनाला बसलेल्या माणसांनी सकाळी याच माणसाला आपल्या दारापुढची घाण काढताना पाहिलेले असे. त्यामुळे त्यांचा शब्द ऐकणाऱ्याला जड जात नसे. आपल्या देशात झाडणे, धुणे, उपसणे ही कामे जन्मावरून वाटून दिली गेली आणि मग ती करणाऱ्यालाच हलके ठरविले गेले. म्हणून आपल्याकडे खराटा कोणाच्या हातात आहे, हा स्वच्छतेइतकाच समतेचाही प्रश्न आहे. रोजच्या सवयींचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

३. नक्कल करता येईल असे काही

थोर त्यागाला लोक हार घालतात. छोट्या सवयीची लोक नक्कल करतात. एखाद्याने सर्वस्व दान केले तर आपण हात जोडतो आणि ‘हे आपल्याच्याने होणे नाही’ असे म्हणून घरी जातो. पण शेजारचा माणूस रोज ठरल्या वेळी कामावर येतो, दिलेला शब्द पाळतो, आपला डबा स्वतः घासतो, हे पाहिल्यावर ‘होणे नाही’ ही सबब उरत नाही. म्हणून आदर्श घालून द्यावयाचा तर तो लहान, रोजचा आणि दुसऱ्याला पेलेल असा असावा.

आमच्या बँकेच्या धंद्यातले एक उदाहरण देतो. पूर्वी नोटांच्या पाकिटांना पिना मारण्याची पद्धत होती. त्याने नोटा फाटत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने पिना न मारता कागदी पट्टी लावावी असा आदेश काढला. परिपत्रक फळ्यावर लागले, सर्वांनी वाचल्याच्या सह्या केल्या, आणि हात मात्र सवयीने पिनांकडेच वळत राहिले. आम्ही पाहिले आहे की एखादा जुना, अनुभवी रोखपाल स्वतः पट्ट्या लावू लागला की आठवड्याभरात बाजूच्या खिडकीवरही पट्ट्या दिसू लागतात. परिपत्रकाने माहिती मिळाली, पण सवय एका हातावरून दुसऱ्या हाताने उचलली.

४. कचेरीत

बँकेतील पुष्कळशी व्यवस्था ‘दोघांनी पाहावे’ या तत्त्वावर उभी आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. संगणकावर एक जण नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो. दुसऱ्याने न पाहताच मंजुरी दिली, किंवा घाईच्या वेळी आपला पासवर्ड सहकाऱ्याला सांगितला, तर कागदावर दोघे राहतात आणि प्रत्यक्षात एकच उरतो. गैरव्यवहाराला वाट मिळते ती येथूनच. नव्याने लागलेल्या मुलाला प्रशिक्षणात हे सर्व शिकवलेले असते. पण शाखेत आल्यावर वरिष्ठ काय करतात ते तो पाहतो आणि त्यालाच खरा नियम समजतो. वरिष्ठ जर रांग कितीही लांब असली तरी व्हाउचर वाचूनच सही करीत असेल, तर त्या मुलाला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट वागणुकीची. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी वृद्ध पेन्शनरांची रांग लागते. कोणाला ऐकू कमी येते, कोणाला फॉर्म भरता येत नाही. मोठ्या ठेवीदाराला ‘या साहेब’ आणि नऊवारीतल्या आजीला ‘ए, तिकडे जा’ असे बोलणारा माणूस कितीही कार्यक्षम असला तरी तो सगळ्या शाखेला विषमता शिकवीत असतो. एकाने उठून आजीला खुर्ची दिली की पुढच्या वेळी दुसराही उठतो.

तिसरी गोष्ट चहाच्या कपाची. सफाई करणाऱ्या मावशींना किंवा शिपाईदादांना आपण कसे हाक मारतो, आपला कप आपण विसळतो की टेबलावर तसाच सोडून जातो, हे क्षुल्लक वाटेल. पण समतेवर भाषण देणाऱ्याचा उष्टा कप जर रोज दुसऱ्यानेच उचलावयाचा असेल, तर ते भाषण कोण मनावर घेईल?

५. घरात

कचेरीत माणूस आठ तास नीट वागतो, कारण तेथे हजेरी आहे, तपासणी आहे, वरिष्ठ आहेत. घरात यांपैकी काही नाही. म्हणून माणसाची खरी परीक्षा घरात होते.

मुलगा अभ्यासाला बसावा असे प्रत्येक बापाला वाटते. पण बाप दूरदर्शन लावून किंवा मोबाईल हातात घेऊन आतल्या खोलीकडे ‘अभ्यास कर’ असे ओरडत असेल, तर मुलगा शब्दापेक्षा चित्र उचलतो. रोज संध्याकाळी अर्धा तास सर्वांनी वाचावे. आईने वर्तमानपत्र वाचावे, वडिलांनी एखादे चरित्र, आजीला नातीने वाचून दाखवावे. छोट्या घरात ही गोष्ट सोपी नसते हे आम्हांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिचे मोल अधिक आहे.

तसेच जेवणानंतरचे. आपण बाहेर समतेची घोषणा देतो आणि घरी ताटावरून उठून हात धुऊन मोकळे होतो. ताटे आई उचलते, नाहीतर लेक उचलते. दहावीच्या वर्षात लेकीने भांडी घासावीत आणि लेकाने अभ्यास करावा, असा कोणी नियम केलेला नसतो. तो रोज पाहून पाहून पक्का झालेला असतो. बापाने आपले ताट उचलून घासावयास सुरुवात केली तर तो मोडावयासही फार दिवस लागणार नाहीत. लेकीला मिळालेला तो अर्धा तास तिच्या निकालात दिसेल.

६. विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी म्हणतील, आमच्याकडे कोण पाहते? धाकटी भावंडे पाहतात, गल्लीतली मुले पाहतात. १९४६ साली पूज्य बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरत. अशा वर्गाला जाणाऱ्याच्या घरी पहाटे दिवा लागलेला भावंडांना दिसला असेल, आणि शिकणे ही आपल्या घरातली गोष्ट आहे हे त्यांना न सांगता कळले असेल. तुमच्या खिडकीतला दिवाही असाच कोणाला तरी दिसतो आहे.

७. एक सावधगिरी

सगळ्यांचे काम एकट्याने ओढणे म्हणजे आदर्श नव्हे. काही चांगली माणसे कचेरीत उशिरापर्यंत बसून दुसऱ्यांचीही कामे उरकतात. इतरांना त्यातून एवढेच कळते की आपण गेलो तरी चालते. आजारी भिक्खूजवळ बुद्ध एकटे राबले नाहीत, आनंदाला बरोबर घेतले आणि नंतर संपूर्ण संघाला जबाबदारी सांगितली. म्हणून आपण काम सुरू करावे, दुसऱ्याला हात लावावयास बोलवावे, आणि पुढे पाळी ठरवून द्यावी. आपण नसताना ते काम चालले तरच आपला आदर्श रुजला असे समजावे.

सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांवर आपसांत चर्चा करावी :

१) मी दुसऱ्याला वारंवार सांगतो पण स्वतः करीत नाही, अशी कोणती गोष्ट आहे?
२) माझ्या घरात एकाच व्यक्तीच्या अंगावर पडलेले कोणते काम मी उद्यापासून वाटून घेऊ शकतो?
३) कोणी पाहत नसताना आणि कोणी पाहत असताना माझ्या कामात काय फरक पडतो?

तिन्हींची उत्तरे एकदम आचरणात आणण्याची घाई करू नये. एक सवय निवडावी आणि तीन महिने ती मोडू देऊ नये. मग घरातले दुसरे कोणी न सांगता तसे करू लागते का, ते शांतपणे पाहावे.