सुरुंगांची वाट

पुण्याजवळ खडकी येथे ‘बॉम्बे सॅपर्स’ या लष्करी पथकाचे ठाणे आहे. सॅपर म्हणजे लष्करातील कारागीर शिपाई. त्यांच्यांत सुतार, लोहार, गवंडी असतात. नदीवर पूल बांधणे, डोंगरातून रस्ता काढणे, शत्रूने पुरलेले सुरुंग काढून टाकणे ही त्यांची कामे. पायदळाच्या शौर्याचे पोवाडे होतात. या कारागिरांची आठवण मात्र वाट अडल्यावाचून कोणास होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या पथकाची एक तुकडी आफ्रिकेत सुदानच्या सीमेवर गेली. पलीकडे अबिसीनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, हा देश होता. 1936 साली इटलीने तो गिळंकृत केला होता. त्याच्या मुक्ततेसाठी लढणाऱ्या या भारतीय जवानांचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यातच होता!

31 जानेवारी 1941 च्या रात्री सीमेवरील मेतेम्मा हे ठाणे इटालियन फौजेच्या हातून गेले. ती गोंदर शहराकडे मागे हटली आणि जाताना वाटेत सुरुंग पेरीत गेली. पाठलाग करावयाचा तर वाट आधी निर्धोक व्हावयास हवी. हे काम सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांजकडे आले. त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते.

सुरुंग हुडकणारे विजेचे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. कोठे माती नुकतीच उकरलेली दिसते, कोठे तिचा रंग निराळा आहे, हे डोळ्यांनीच टिपावयाचे. मग हलक्या हाताने माती सारून सुरुंग निकामी करावयाचा. हे काम खरे म्हणजे सावकाशीचे. पण शत्रू निसटत होता. भगत सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसत आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली व सोबतचे जवान बळी पडले. एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका स्फोटाने त्यांच्या कानाचा पडदा फाटला. तुमच्या जागी दुसरा अधिकारी पाठवितो, असे वरिष्ठांनी सुचविले. भगत यांनी नकार दिला. या कामाचा सराव आता आपल्यालाच झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेही होते. नव्या माणसास पहिल्या सुरुंगापासून शिकावे लागले असते.

चार दिवसांत 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरांची वाट मोकळी झाली. तीत 15 ठिकाणी सुरुंग पेरलेले होते. जून 1941 मध्ये भगत यांस ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले. त्यापूर्वीच, 5 मे रोजी, अबिसीनियाचे सम्राट हैले सेलासी आपल्या राजधानीत परतले होते. गोंदर मात्र नोव्हेंबर अखेरीपर्यंत झुंजत राहिले.