यंत्र मोठे की खेळ?

पेटी कितीही सुबक असली, तरी वादकावाचून ती मुकीच राहते. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचे जे यंत्र असते, त्या कन्सोलचेही तसेच आहे. ग्राहक पैसे मोजतो ते यंत्रासाठी. परंतु त्याच्या मनात असतात ते खेळ. हे सर्व खेळ यंत्र बनवणाऱ्या एकट्या कंपनीला रचता येत नाहीत. त्यासाठी तिला इतरांची साथ लागते. ही साथ कशी जोडली जाते आणि कशी सुटते, हे जपानमधील निन्टेंडो कंपनीच्या इतिहासावरून चांगले कळून येते.

क्योटो शहरात १८८९ साली स्थापन झालेली ही कंपनी आरंभी खेळण्याचे पत्ते बनवीत असे. १९८३ साली तिने जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले. त्याच सुमारास अमेरिकेत या धंद्यावर मोठे संकट ओढवले होते. तेथे अटारी कंपनीच्या यंत्रासाठी ज्याला वाटेल तो, वाटेल तसे खेळ काढू लागला. निकृष्ट खेळांनी दुकाने भरली आणि लोकांचा विश्वास उडाला. अखेरीस अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावी जमिनीत पुरला.

निन्टेंडोने यावरून धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत उतरताना तिने कडक नियम घातले. तिच्या परवान्यावाचून कोणी खेळ काढू नये, एका कंपनीने वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढू नयेत, असा दंडक होता. खेळ ज्या डबीत साठवलेला असे, ते कार्ट्रिजही निन्टेंडोकडूनच आगाऊ पैसे भरून घ्यावे लागे. या शिस्तीमुळे खेळांचा दर्जा सावरला आणि बुडालेला धंदा पुन्हा वर आला.

परंतु काळ पालटला. डिसेंबर १९९४ मध्ये सोनी कंपनीने जपानमध्ये ‘प्लेस्टेशन’ हे यंत्र आणले. त्याचे खेळ सीडीवर असत. सीडी स्वस्त, झटपट तयार होणारी आणि सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावणारी. निन्टेंडोने मात्र १९९६ साली आणलेल्या ‘निन्टेंडो ६४’ या यंत्रासाठी कार्ट्रिजच कायम ठेवले. खेळ चटकन सुरू होई आणि त्याची नक्कल करणे अवघड जाई, हे त्याचे गुण खरे; पण मोठ्यात मोठ्या कार्ट्रिजमध्येही ६४ मेगाबाइटच मावत, आणि ते महागही पडे.

स्क्वेअर कंपनीने ‘फायनल फँटसी’ मालिकेचे पहिले सहाही भाग निन्टेंडोच्या यंत्रांसाठीच रचले होते. सातव्या भागाची कल्पना मात्र कार्ट्रिजमध्ये मावेना. जुना स्नेह की नवी कलाकृती, असा प्रश्न उभा राहिला. स्क्वेअरने कलाकृती निवडली. जानेवारी १९९७ मध्ये तो खेळ तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात एनिक्स कंपनीनेही आपल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेचा सातवा भाग प्लेस्टेशनवर काढण्याचे जाहीर केले.

निन्टेंडोचे स्वतःचे खेळ मुळीच उणे नव्हते. ‘सुपर मारियो ६४’ची आजही वाखाणणी होते. तथापि एकट्याच्या हातांनी दुकानाची फळी कितीशी भरणार? ‘निन्टेंडो ६४’ची जगभरात सुमारे ३ कोटी ३० लाख यंत्रे खपली, प्लेस्टेशनची १० कोटींहून अधिक. २००१ साली ‘गेमक्यूब’ या यंत्रासाठी निन्टेंडोने कार्ट्रिज सोडून छोटी तबकडी स्वीकारली. पण त्या यंत्राचा खप आधीच्याहूनही कमी झाला. चूक सुधारली, म्हणून गेलेले सोबती लगेच परत येतातच असे नाही.

जो अंकुश एका दशकात तारक ठरला, तोच पुढील दशकात जाचक झाला. दारे सताड उघडी टाकणाऱ्या अटारीचे नुकसान झाले, तसेच ती फार आवळून धरणाऱ्या निन्टेंडोचेही झाले. यंत्राचे सामर्थ्य केवळ त्याच्या अंगी नसते; त्यासाठी मन लावून खेळ रचणाऱ्यांच्या कष्टांतही ते असते. त्यांच्या कामाला पुरेशी जागा देणे आणि त्याचा दर्जा राखणे, ही दोन्ही व्रते जो सांभाळतो, त्याच्याच यंत्राभोवती खेळाडू जमतात.

स्वाध्याय
१. अमेरिकेत निन्टेंडोने कडक नियम का घातले?
२. स्क्वेअर कंपनीने निन्टेंडोची साथ का सोडली? तिचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का?
३. ‘जो अंकुश एका दशकात तारक ठरला, तोच पुढील दशकात जाचक झाला.’ हे विधान स्पष्ट करा.