“नको” म्हणण्याचा हक्क
अभ्यासपाठ : १ राजे, अध्याय २१



शिराळा तालुक्यातल्या एका वाडीत बैठकीला गेलो होतो. पठारावर पवनचक्क्यांसाठी जमीन देण्याचा विषय निघाला. एका आजोबांनी मला विचारले, “दर बरा देतील ओ, पण नको म्हटलं तर चालतंय का?”

मला नाबोथ आठवला. अहाब राजाने त्याला द्राक्षमळ्याची किंमत, नाहीतर त्याहून चांगला मळा देऊ केला होता. सौदा तोट्याचा नव्हता. पण ते वाडवडिलांचे वतन होते. नाबोथ नाही म्हणाला. राजवाड्याला ते ऐकवले नाही, आणि नाबोथाचा जीव गेला.

ओडिशातील नियमगिरी डोंगर कोंध आदिवासींना पवित्र. लंडनच्या वेदांता कंपनीला तेथील बॉक्साइट हवे होते. चर्च ऑफ इंग्लंडचे पैसे या कंपनीत होते. स्थानिक लोकांच्या हक्कांचा मान राखला जात नाही, असे दिसल्यावर चर्चने फेब्रुवारी २०१० मध्ये आपले शेअर विकले. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली.

दर किती, हे नंतर पाहू. आधी पाहावे : कागद लोकांच्या भाषेत वाचून दाखवला का? आणि नकार ऐकून घेतला का?

मननासाठी :
१. आपल्या मंडळीचा व घरचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे?
२. आपण मदत घेऊन जातो, तेव्हा आदिवासी बांधव आपल्याला “नको” म्हणू शकतात का?