मृत्युकर गेला, भीती राहिली

वाणिज्य शाखेत नाव घातले की घरात आपण आपोआप कायदे-हिशेबातले जाणकार ठरतो. गेल्या सुट्टीत हा मान माझ्याही वाट्याला आला. आजोबांनी कन्नडमध्ये टंकलिखित केलेला एक मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाळ, तुला दोन्ही भाषा येतात. जरा वाचून दाखव." ते दानपत्र होते, आपण मराठीत ज्याला बक्षीसपत्र म्हणतो तेच. राहते घर ते काकांच्या नावे करून देणार होते. कारण विचारले तर म्हणाले, "मेल्यावर सरकार निम्मे घेते. त्यापेक्षा जिवंतपणीच दिलेले बरे."

ही समजूत कुठून आली आणि आज ती कितपत खरी आहे, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

आजोबांची भीती अगदीच निराधार नव्हती. आपल्या देशात १५ ऑक्टोबर १९५३ पासून संपदा शुल्क, म्हणजेच लोकांच्या तोंडचा मृत्युकर, लागू होता. मृताच्या मालमत्तेवर तो टप्प्याटप्प्याने आकारला जाई. पुढे तर २० लाखांवरील भागाला ८५ टक्के दर होता. साहजिकच हयातीतच मुलाबाळांना देऊन टाकावे, असा विचार पुढे आला. कायदा करणाऱ्यांनीही तो ओळखला होता. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेले बक्षीस मृताच्याच मालमत्तेत धरले जाई. शिवाय देणाऱ्याने त्या वस्तूचा उपभोग पूर्णपणे सोडलेला असावा लागे. समजा, वडिलांनी ठेव मुलाच्या नावे केली, पण व्याज मात्र स्वतःच घेत राहिले. तर कायद्याच्या दृष्टीने ते देणे पुरे झालेच नाही. १९५८ मध्ये बक्षीस कर आला आणि देणाऱ्यालाच तो भरावा लागू लागला. एका दाराने वाचवलेला कर सरकार दुसऱ्या दाराने घेऊ लागले.

इंग्लंडात हा प्रकार आजही चालू आहे. तेथे साधारणपणे ३,२५,००० पौंडांवरील वारशावर ४० टक्के कर बसतो. बक्षीस देऊन देणारा सात वर्षे जगला तर ते बक्षीस करातून सुटते. वर्षाला ३,००० पौंडांपर्यंतच्या बक्षिसाला तर तीही अट नाही. मात्र दिलेल्या वस्तूचा उपभोग स्वतःकडे ठेवला की सवलत गेली. तत्त्व तेच : दिले तर खरोखर द्यावे लागते.

आपल्याकडे काय झाले? मृत्युकराचे उत्पन्न थोडे आणि वसुलीचा खटाटोप मोठा, म्हणून १९८५ च्या अंदाजपत्रकात तो रद्द झाला. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागू नाही. १ ऑक्टोबर १९९८ पासून बक्षीस करही गेला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसाकराची चर्चा झाली खरी, परंतु असा कर आज भारतात नाही.

बक्षिसाबाबत आयकराचे काही नियम मात्र आहेत. आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी अशा कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर नाही. परक्याकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर साधारणपणे ती सर्व रक्कम उत्पन्नात धरली जाते. नवऱ्याने बायकोला किंवा सासऱ्याने सुनेला ठेव बक्षीस दिली, तर व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मोजले जाते. आणि दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. मग ती घरच्यांनी दिलेली का असेना.

म्हणजे आजोबा जो कर चुकवू पाहत होते तो अस्तित्वातच नाही. उलट बक्षीसपत्राला मुद्रांक व नोंदणीचा खर्च आहे आणि सर्वांत मोठी किंमत पैशात मोजता येत नाही. बक्षीसपत्र नोंदले गेले की घर दुसऱ्याचे झाले. मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्राचे तसे नाही. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र हयात असेपर्यंत केव्हाही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि शेवटपर्यंत घर आपलेच राहते.

ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात एक आधार आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर ही अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. आजोबांच्या मसुद्यात ती नव्हती. काका प्रेमळ आहेत, प्रश्न त्यांचा नाही. पण आजोबांच्या पश्चात आजी त्या घरात कोणत्या हक्काने राहणार, याबद्दल त्या चार पानांत एक ओळही नव्हती.

हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटले होते, लिहिले असेल." आता ते वकिलांकडून मृत्युपत्र करून घेणार आहेत, आणि काकांनीच त्यांना तेथे नेण्याचे कबूल केले आहे.

मित्रहो, आपल्या भागात घरोघरी मराठी वाचणारे आजी-आजोबा आहेत आणि त्यांचे दस्त कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातले असे एखादे कागद काढा आणि सही होण्यापूर्वी त्यांना सावकाश, अर्थासह वाचून दाखवा.