इटालियन क्रियारूपे : अक्षरसीमा आणि रूपिकासीमा



रूपिका हा भाषेतील लघुतम अर्थयुक्त घटक होय, हे आपण मागील घटकात पाहिले. अक्षर हा केवळ उच्चाराचा घटक आहे; त्याला अर्थ असावाच असे नाही. उत्तरपत्रिकांत या दोहोंची गल्लत इतकी आढळते, की येथे मुद्दाम परक्या भाषेची उदाहरणे घेतली आहेत.

'पार्लारे' म्हणजे बोलणे. 'पार्लावामो' म्हणजे आम्ही बोलत होतो. या रूपातील रूपिका अशा : पार्ल् (धातू), आ (साधक स्वर), वा (काळ), मो (पुरुष व वचन). अक्षरे मात्र पार्-ला-वा-मो. घटक दोन्हीकडे चारच. पण धातूतील 'ल्' उच्चारात पुढील स्वराकडे गेला आहे. मराठीतील 'बसेन' पाहा : रूपिका बस् + एन, अक्षरे ब-सेन.

द्वित्त व्यंजनांकडे अधिक लक्ष द्यावे. 'पार्लेरेमो' म्हणजे आम्ही बोलू. 'पार्लेरेम्मो' म्हणजे (अमुक झाले तर) आम्ही बोललो असतो किंवा बोलू. पहिल्यात निश्चिती आहे, दुसऱ्यात अट. आणि हा सारा भार एका 'म्'वर आहे. अक्षरे अनुक्रमे पार्-ले-रे-मो आणि पार्-ले-रेम्-मो. येथे देवनागरी आपल्याला चकवते. 'पत्ता' लिहिताना आपण प-त्ता असे लिहितो, पण उच्चारतो पत्-ता. म्हणून लिपीकडे न पाहता कानाने तोडावे. या दोन रूपांचा इतिहासही रंजक आहे : दोन्हींच्या मुळाशी क्रियावाचक नामाला जोडलेले लॅटिन 'हाबेरे' (जवळ असणे) हे क्रियापद आहे. भविष्यकाळात त्याचे वर्तमानकाळी रूप आले, संकेतार्थात पूर्ण भूतकाळी.

आघातानेही अर्थ बदलतो. 'पार्लो'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', अंत्य अक्षरावर असेल तर 'तो बोलला'. 'पार्लानो' (ते बोलतात) यात आघात 'पार्'वर येतो. मराठी विद्यार्थी तो हमखास 'ला'वर देतो.

'कापिस्को' (मला समजते) हे रूप वादाचे आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना इटालियन लेखननियम का-पि-स्को असा आहे. परंतु विवृत अक्षरातील आघातयुक्त स्वर या भाषेत, अंत्य स्थान सोडल्यास, दीर्घ होतो, आणि येथील 'इ' ऱ्हस्वच राहतो. त्यामुळे पिस्-को हे विभाजन मला अधिक ग्राह्य वाटते.

स्वाध्याय : 'कान्तावानो' (ते गात होते), 'उठलो' आणि 'करीन' यांचे अक्षरविभाजन व रूपिकाविभाजन वेगवेगळ्या ओळींत लिहा. सीमा कोठे जुळत नाहीत, ते कारणासह सांगा.