लेहमधले पहिले दोन दिवस

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन मुंबईइतकाच, २१ टक्के असतो. पण हवेचा दाब जवळपास दोन-तृतीयांशावर येतो आणि दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. विमानाने गेलेला प्रवासी काही तासांत या हवेत उतरतो. शरीराला मात्र जुळवून घ्यायला दिवस लागतात.

सर्वांत आधी श्वास आपोआप जलद आणि खोल होतो, नाडीही वाढते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदूतले श्वसनकेंद्र श्वासाला पुन्हा आवर घालते. झोपेत ही ओढाताण उघड दिसते: श्वास भराभर चालतो, काही सेकंद थांबतो, माणूस दचकून उठतो. पुढे मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून रक्ताचा तोल सावरतात. म्हणून या दिवसांत लघवी वाढली तर घाबरण्याचे कारण नाही. नव्या तांबड्या पेशी पुरेशा तयार होण्यास काही आठवडे लागतात. आठवड्याच्या सहलीत त्यांचा उपयोग नाही.

या जुळवणीला व्यायामाची सवय पर्याय ठरत नाही. रोज धावणारा तरुणही पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढला, तर रात्री डोके धरून बसू शकतो. बरोबर नेलेली कापराची पुडी हुंगून नाक मोकळे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. डोकेदुखी, मळमळ असेपर्यंत खारदुंग ला किंवा पँगाँगकडे निघू नये. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या कामाला गती देते, पण ते डॉक्टरांनी तपासून दिले तरच घ्यावे.

बसल्याजागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ ही फुफ्फुसांत वा मेंदूत सूज आल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन द्यावा, रुग्णालय गाठावे आणि रुग्णाला खाली उतरवावे.

हृदय व फुफ्फुसांचे रुग्ण आणि गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. विदर्भ व नंदुरबार भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या केवळ वाहकांनाही विरळ हवेत प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून तीव्र पोटदुखी होऊ शकते. त्यामुळे या भागांतल्या प्रवाशांनी सिकलसेलची रक्ततपासणी आधी जरूर करून घ्यावी.